दारावरचे पंडित
(विहारवाटा : ९)

विक्रमशिला या प्राचीन बौद्ध विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा विषय आज घेणार होतो, तो पुढच्या रविवारी. साताऱ्याच्या एका वाचकांनी विचारलंय, 'विक्रमशिला महोत्सवाला जायचा विचार आहे, तिथं नेमकं काय पाहावं?'

भागलपूर जिल्ह्यात कहलगावजवळच्या अंतीचकला बिहार सरकार हा महोत्सव भरवतं. मंचावर अंगिकेतली, म्हणजे तिथल्या बोलीतली, लोकगीतं असतील तर चुकवू नका. बाकीचं गाणं-बजावणं कुठल्याही सरकारी महोत्सवात असतं तसंच. मात्र दिवसाउजेडी विहाराच्या अवशेषांत नक्की जा. एकेक बाजू ३३० मीटरची, चारी बाजूंना मिळून भिक्षूंच्या २०८ खोल्या आणि मधोमध स्तूप. हे सगळं सावकाश बघून उत्तरेच्या महाद्वाराशी या. माझा जीव अडकलाय तो तिथंच.

विक्रमशिलेला द्वारपंडित होते, म्हणजे आत येऊ पाहणाऱ्याला दारातच प्रश्न विचारून पारखणारे पंडित. तिबेटी इतिहासकार तारानाथानं १६०८ मध्ये त्यांची नावं दिली आहेत : पूर्वेला रत्नाकरशांती, दक्षिणेला प्रज्ञाकरमती, पश्चिमेला वागीश्वरकीर्ती, उत्तरेला नारोपा. शिवाय रत्नवज्र आणि ज्ञानश्रीमित्र हे मधले दोन महास्तंभ. काळ इ. स. १००० च्या आगेमागे. नालंदेच्या दारावरही प्रश्न विचारले जात आणि दहातले सात-आठ जण तिथूनच परत फिरत, असं चिनी प्रवासी ह्युएन त्संगनं त्याआधी साडेतीनशे वर्षं लिहून ठेवलंय. प्रवेश परीक्षेचा आपला बाऊ त्यापुढे काहीच नाही!

या सहांतले माझे लाडके ज्ञानश्रीमित्र. सगळं क्षणोक्षणी नष्ट होतं, हा क्षणभंगाचा सिद्धांत त्यांनी तर्कानं इतका घट्ट बांधला की गंगेपलीकडच्या मिथिलेतल्या न्याय परंपरेच्या उदयनाचार्यांना 'आत्मतत्त्वविवेक' लिहून त्यांचं खंडन करावं लागलं. सगळंच क्षणिक, तर टिकणारा आत्मा आहे की नाही, हा झगडा होता. पण उदयनांनी प्रतिपक्षाचं म्हणणं आधी नीट मांडलं आणि मगच खोडलं. पुढं विक्रमशिला उद्ध्वस्त झाली, भारतात ज्ञानश्रीमित्रांचे ग्रंथ दिसेनासे झाले. शेकडो वर्षं उदयनांचं उत्तर तेवढं शिकवलं जात होतं, ज्याला उत्तर दिलं ते पुस्तकच नव्हतं. राहुल सांकृत्यायनांना तिबेटात त्याची संस्कृत पोथी सापडली आणि १९५९ मध्ये पाटण्याहून 'ज्ञानश्रीमित्रनिबंधावली' छापून निघाली. संपादक अनंतलाल ठाकूर. नैयायिकांना प्रतिवादी परत मिळाला, तो असा.

म्हणून महोत्सवाच्या आयोजकांकडे माझं एकच मागणं आहे. एक संध्याकाळ गाण्यांतून काढून वादाला द्या. बौद्ध तर्कशास्त्राचा एक अभ्यासक, न्यायाचा एक, विषय क्षणभंगाचा, आणि श्रोत्यांना प्रश्न विचारायची मुभा. हिंदीत घ्या, अंगिकेत घ्या. विक्रमशिलेच्या नावानं भरणाऱ्या महोत्सवात वाद नसेल, तर त्याला ते नाव शोभत नाही.

साताऱ्याच्या वाचकांनी जाऊन आल्यावर जरूर कळवावं. ग्रंथालयाच्या भिंतींतल्या गारव्याबद्दल पुढच्या वेळी, नक्की.