पाटीवरचे आगाखान कोण?

मागच्या वर्षी आम्ही बेळगावहून पुण्याला सहलीला गेलो होतो. आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्या समाधीपाशी नेहमी बडबड करणारी आमची बॅचसुद्धा गप्प झाली. १९४२ ते १९४४ या काळात गांधीजी इथेच स्थानबद्ध होते. बाहेर पडताना एका मैत्रिणीने विचारलं, "पण हे आगाखान कोण गं?" कुणालाच धड सांगता येईना. "असेल कोणीतरी नवाब," असं म्हणून आम्ही बसमध्ये चढलो.

नवाब नव्हते ते. घरी येऊन वाचायला लागले तेव्हा कळलं.

सर सुलतान मुहम्मद शाह, म्हणजे तिसरे आगाखान, हे निझारी इस्माइली मुसलमानांचे ४८ वे इमाम. जन्म कराचीचा, १८७७ चा. आजोबा, पहिले आगाखान, इराणमधून येऊन मुंबईत स्थायिक झालेले. वडील १८८५ मध्ये वारले आणि सात वर्षांचा हा मुलगा गादीवर बसला. गादी म्हणायची खरी, पण तिच्यामागे एक एकराचंही राज्य नव्हतं. हिंदुस्थानापासून पूर्व आफ्रिकेपर्यंत पसरलेल्या अनुयायांची श्रद्धा, एवढंच काय ते बळ. पुण्याचा पॅलेस १८९२ मधला. दुष्काळात गोरगरिबांच्या हाताला काम मिळावं म्हणून तो बांधला, असं सांगतात.

राज्य नसलेल्या माणसाने राजकारण कसं करायचं? बोलून, मध्यस्थी करून, ओळखी जोडून. आगाखानांनी आयुष्यभर हेच केलं. १९०६ मध्ये सिमल्याला व्हाइसरॉय लॉर्ड मिंटो यांना भेटलेल्या मुस्लिम शिष्टमंडळाचे ते नेते होते. मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ हवेत, ही त्यांची मागणी १९०९ च्या कायद्यात मान्य झाली. मुस्लिम लीगचे पहिले अध्यक्षही तेच. फाळणीची वाट या मागणीपासून सुरू झाली, असं अनेकजण मानतात. हा आरोप साधा नाही आणि तो झाकायचं काही कारणही नाही.

पण आता दुसरी बाजू बघा. आपल्या नामदार गोखल्यांचा या माणसावर विश्वास होता. १९१५ मध्ये मृत्यूच्या थोडे दिवस आधी गोखल्यांनी हिंदुस्थानच्या राज्यकारभारातल्या सुधारणांचा एक आराखडा लिहिला. त्यांचं राजकीय मृत्युपत्र म्हणून तो ओळखला जातो. त्याची प्रत त्यांनी ज्या मोजक्या लोकांच्या हाती दिली, त्यांत आगाखान होते. १९१७ मध्ये तो प्रसिद्धही त्यांनीच केला. पुढच्याच वर्षी आलेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी स्वतः संघराज्याची कल्पना मांडली. म्हणजे वेगळे मतदारसंघ मागणारा आणि सगळ्यांना सांधणारं संघराज्य सुचवणारा माणूस एकच!

पुढे लंडनच्या गोलमेज परिषदेत ते मुस्लिम प्रतिनिधींचे प्रमुख होते आणि १९३७ मध्ये जिनिव्हाला राष्ट्रसंघाच्या महासभेचे अध्यक्ष झाले. लोकांना मात्र त्यांच्या डर्बी जिंकणाऱ्या घोड्यांचीच जास्त आठवण. १९३६ मध्ये मुंबईत त्यांची सुवर्णतुला झाली, १९४६ मध्ये हिऱ्यांची तुला. तो पैसा समाजाच्या कामासाठी वापरला गेला, हे त्या झगमगाटात मागे पडतं. १९५७ मध्ये ते स्वित्झर्लंडमध्ये वारले. कबर इजिप्तमधल्या आस्वानला, नाईलकाठी आहे.

आम्हा कॅथलिक मुलांना पोप धर्मगुरू असूनही देशोदेशीच्या प्रमुखांशी बोलतात, याचं नवल वाटत नाही. मग मुसलमान धर्मगुरू राजकारणात दिसला की आपण लगेच संशय का घेतो? आगाखानांचं सगळंच पटावं असं नाही, मलाही पटलेलं नाही. पण "फाळणीवाला" किंवा "घोडेवाला" असं एका शब्दात त्यांना निकालात काढण्याआधी गोखल्यांचा तो कागद कुणाच्या हाती गेला, हे आठवावं.

पुण्याला गेलात तर समाधीपाशी जरूर थांबा. आणि निघताना पाटीवरचं नावही एकदा नीट वाचा.