दुपारी या, साधंच जेवू!

‘‘ऊट आयता?’’ बंगळुरात दिवसातून चारदा कानावर पडणारा हा प्रश्न. जेवण झालं का, एवढाच त्याचा अर्थ. येलहंक्यात भाजीच्या गाडीपाशी शेजारीण तो विचारते, आपण ‘‘आयतु’’ म्हणून हसतो आणि आपापलं दार लावून घेतो. वर्षं सरतात, पण एकमेकींच्या घरी जेवायचा योग काही येत नाही.

येलहंक्यात बदलीवर आलेली कुटुंबं पुष्कळ. इथं हवाई दलाचा तळ आहे, रेल्वेच्या चाकांचा कारखाना आहे. २००८ मध्ये देवनहळ्ळीचा विमानतळ सुरू झाला आणि वस्ती आणखी वाढली. मराठी माणसाला हा मुलूख तसा परका नाही. १५३७ मध्ये बंगळूर वसवणारा केंपेगौडा येलहंक्याच्याच घराण्यातला आणि १६३८ मध्ये हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. पण रविवारी दुपारी घर खायला उठतं, तेव्हा इतिहास सोबतीला येत नाही. तिथं माणसंच लागतात.

मग बोलावणं अडतं कुठं? ‘बोलवायचं तर दोन भाज्या, पुऱ्या, गोडधोड हवंच’ या धास्तीपायी! बेत पुढं ढकलला जातो. ठरलाच, तर यजमानीण सारा वेळ ओट्यापाशी. निघताना मैत्रीण म्हणते, ‘‘अगं, तू घटकाभर बसलीच नाहीस!’’ आणि एवढ्या खटाटोपाचं चीज होत नाही.

रात्रीपेक्षा दुपार बरी

जयनगर, बनशंकरीहून येणाऱ्यांना सारं शहर ओलांडावं लागतं. दुपारचं जेवण ठेवलं, तर परतताना रात्र होत नाही आणि मुलांची शाळाही बुडत नाही. बोलावतानाच ‘साधंच जेवू’ असं सांगून टाका. कांदा-लसूण, उपवास, पथ्य यांचीही आधीच चौकशी करा.

एकच मुख्य पदार्थ

आठ माणसांसाठी बिसी बेळे भात उत्तम. नावाचा अर्थच गरम डाळीचा भात! दोन वाट्या तांदूळ, दीड वाटी तूरडाळ, गाजर, फरसबी, मटार, चिंचेचा कोळ आणि तयार मिळणारा मसाला. हा भात मुरताना घट्ट होतो, म्हणून सैलसरच ठेवा आणि वाढताना गरज पडल्यास उकळतं पाणी घाला. वर तूप आणि खारी बुंदी.

सोबत कोसंबरी, म्हणजे आपल्या कोशिंबिरीची कानडी बहीण. मूगडाळ तासभर भिजवून निथळा. त्यात काकडी, ओलं खोबरं, लिंबू आणि वरून मोहरी-हिंगाची फोडणी. मीठ मात्र आयत्या वेळी घाला, नाहीतर पाणी सुटतं. आपली चव हवीच असेल, तर वाटीभर शेंगदाण्याची चटणी आणि बाजारातल्या ज्वारीच्या कडक भाकऱ्या ठेवा. ताक आदल्या रात्रीच्या विरजणाचं. गोड म्हणून येलक्की केळी किंवा हंगाम असेल तर आंबा. भाज्या आदल्या दिवशी चिरून फ्रिजमध्ये ठेवल्या, की सकाळी दीड तासात सारं आटोपतं.

मदतीला नको म्हणू नका

‘‘मी काय आणू?’’ असं कुणी विचारलं, तर ‘‘काही नको’’ म्हणायची आपली सवय. त्याऐवजी ‘‘पापड आण,’’ असं मोकळेपणानं सांगा. ताटं सगळी एकसारखी नसली, तरी बिघडत नाही. भांडी टेबलावर ठेवून ज्यानं त्यानं वाढून घ्यावं. मुलांना पाणी द्यायला लावा, यजमानांना ताक घुसळायला. जेवण झाल्यावर मैत्रिणी ताटं उचलू लागल्या, तर अडवू नका. खरकटं आवरताना ज्या गप्पा रंगतात, त्या दिवाणखान्यात रंगत नाहीत.

आणि पंगतीत तुम्ही स्वतः बसा, पहिल्या घासापासून.

पाहुण्यांना पदार्थ किती होते, हे महिन्याभरात आठवेनासं होईल. पण परक्या शहरात कुणाला ताप आला, रात्री-अपरात्री गरज पडली, तर दार कुणाचं वाजवायचं, हे मात्र अशाच एखाद्या दुपारी ठरलेलं असतं. उद्या शेजारणीनं ‘‘ऊट आयता?’’ विचारलं, की सांगून पाहा, ‘‘अजून नाही. या ना, बरोबरच जेवू!’’