वेगाचे आकर्षण, थांबण्याचे शास्त्र

मोटार हा आम्हा डॉक्टर मंडळींच्या गप्पांतील हमखास विषय. इंदूरकरांना तर त्याचा वारसाच लाभला आहे. महाराजा यशवंतराव होळकर (द्वितीय) यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग कंपनीच्या सांगाड्यावर लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून दोन आसनांची वेगवान गाडी बांधवून घेतली. रंग नारिंगी व काळा, आठ सिलिंडर, सुमारे ६.९ लिटरचे सुपरचार्जरयुक्त इंजिन आणि कंपनीच्या दाव्यानुसार ३२० अश्वशक्ती!

याउलट डिसेंबर १९८३ मध्ये अवतरलेली मारुती ८००. तीन सिलिंडर, ७९६ घनसेंटिमीटरचे इंजिन आणि सुरुवातीस चाळीसच्याही आत अश्वशक्ती. आमच्या पिढीतील अनेकांनी व्हिजिटची बॅग मागच्या आसनावर टाकून याच गाडीत व्यवसायाचा आरंभ केला.

महाराजांच्या गाडीची शक्ती आठपटीहून अधिक. मग तिची चपळाईही आठपट असेल काय? नाही. चपळाई ठरते ती शक्ती आणि वजन यांच्या गुणोत्तरावर. ड्यूसेनबर्गचे वजन दोन टनांच्या वर, तर मारुतीचे सुमारे साडेसहाशे किलो. टनामागे शक्ती मोजली की आठपटीचा फरक अडीच-तीन पटींवर येतो. राजवाडा-सराफ्याच्या गर्दीत तर तोही उरत नाही.

आता थांबण्याचा विचार करू. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या चालकाला धोका ओळखण्यास एक सेकंद लागला, तर तेवढ्यात गाडी सुमारे १७ मीटर पुढे जाते. कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक लागल्यावर आणखी २० मीटर. वेग १२० असेल तर हीच एकूण बेरीज ११० मीटरांच्या पुढे जाते. ड्यूसेनबर्ग कंपनीला याची जाण होती. चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक असलेली प्रवासी मोटार तिने १९२१ सालीच आणली होती.

तरीही टक्कर झालीच तर काय? येथे दोन्ही गाड्या सारख्याच असहाय आहेत. एअरबॅग दोहोंतही नाही. ही ऊर्जा शेवटी छाती, मस्तक व मांडीच्या हाडांनाच सोसावी लागते. तिचे परिणाम त्याच महाराजांचे नाव धारण करणाऱ्या एम. वाय. रुग्णालयात आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहेत.

माझी जुनी ८०० अद्याप दारात आहे. गेल्या वर्षी कन्येने रात्रपाळीसाठी ती मागितली. बायपासवरून जावे लागणार, हे कळताच मी नकार दिला. तिला वाटले, बाबांचा गाडीत जीव अडकला आहे. तो आहेच, परंतु नकाराचे कारण ते नव्हते. तिला मी एअरबॅग व एबीएस असलेली साधी छोटी गाडी घेऊन दिली.

वेगाची हौस वाईट नव्हे. तिच्यासाठी पीथमपूरला २०२१ मध्ये उद्घाटन झालेला ११.३ किलोमीटरचा चाचणीमार्ग आहे. सार्वजनिक रस्त्यावर मात्र गाडी किती धावते यापेक्षा ती कशी थांबते, हेच आधी विचारावे.