कुलूप, दिवा आणि स्वतःचा कप्पा

पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीतला तळमजल्यावरचा रिकामा फ्लॅट. आर्किटेक्ट ताई खडू, टेप आणि गुण्या घेऊन लादीवर ओणवी झालेली. तिने सहा फूट बाय तीन फुटांचे सहा चौकोन आखले आणि सहा मुलांना त्यांत आडवं व्हायला सांगितलं. "ताई, इथं झोपलो की दारातून येणाऱ्या-जाणाऱ्याला सरळ दिसणार मी," एक जण म्हणाला. तिने तो चौकोन फडक्याने पुसला आणि भिंतीच्या आडोशाला नव्याने आखला.

ही मुलं बालगृहात वाढली. अठरा पूर्ण झाली की बालगृह सोडावं लागतं. बाल न्याय अधिनियम, 2015 मध्ये 21 वर्षांपर्यंतच्या अनुरक्षणाची, म्हणजे बालगृह सोडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद आहे, आणि 2016 च्या आदर्श नियमांत सहा ते आठ जणांनी मिळून राहण्याची व्यवस्थाही सुचवली आहे. राज्यात अनुरक्षण गृहं आहेत. पण तिथं जागा न मिळालेल्या मुलासमोर पहिला पगार हातात पडायच्या आतच डिपॉझिट, भाडेकरार आणि 'घरचं कोण आहे?' हा प्रश्न उभा राहतो. मग काही दिवस मित्राच्या खोलीवर, काही कारखान्याच्या शेडमध्ये आणि नाइलाज झाला की स्टेशनवर.

एका संस्थेने हा फ्लॅट भाड्याने घेतला आणि काही आर्किटेक्टांनी तो विनामोबदला मांडून द्यायचं ठरवलं. एरवी त्यांची फी खर्चाच्या टक्केवारीवर ठरते. इथं त्यांनी मापं घेतली, वर्किंग ड्रॉइंग केली, सुताराशी भावाची घासाघीस केली आणि काम चालू असताना साइटवर उभेही राहिले.

सुरुवात एका प्रश्नापासून झाली: "तुझ्याकडे सामान काय काय आहे?" उत्तरं थोडक्यात होती. कंपनीचा युनिफॉर्म, सेफ्टी शूज, मोबाइल आणि प्लास्टिकच्या फोल्डरमधले दाखले. दाखले हरवले तर नोकरीही अडते. म्हणून प्रत्येकाच्या कपाटात फाइल सपाट मावेल असा कप्पा आला आणि त्याला वेगळं कुलूप. दोघांना रात्रपाळी होती, तेव्हा प्रत्येक खाटेला पडदा, उशाशी स्वतःचा दिवा, त्याचं बटण आणि चार्जिंगचा पॉइंट. मोठ्या हॉलमध्ये एकाच वेळी दिवे मालवले जाण्याची सवय असलेल्या मुलाला आपला दिवा आपण विझवता येणं ही फार मोठी गोष्ट असते.

सकाळच्या गर्दीवरही उपाय निघाला. बाथरूम आणि संडास वेगळे केले, बेसिन बाहेर काढलं. आता तिघांना एकाच वेळी आवरता येतं. स्वयंपाकघराची मधली भिंत स्ट्रक्चरल इंजिनिअरने तपासली. तिच्यावर भार नव्हता. मग ती ओट्याच्या उंचीपर्यंत उतरवली. बालगृहात जेवण भटारखान्यातून यायचं, त्यामुळे कुकरला किती शिट्ट्या द्यायच्या हे बहुतेकांना ठाऊक नव्हतं. आता पोळ्या करणारा एकटा पडत नाही आणि हॉलमध्ये बसलेला बघता बघता शिकतो.

एका दुकानदाराने पाच रंगांच्या उरलेल्या लाद्या देऊ केल्या. ताईने आभार मानले आणि नको म्हणाली. स्वतःच्या पैसे मोजणाऱ्या ग्राहकाला जे दिलं नसतं, ते या मुलांनाही द्यायचं नाही, असा तिचा नियम होता. दान केलेल्या कौशल्याची खरी कसोटी मला तिथं दिसली. काम फुकट असलं, तरी ड्रॉइंग तितकंच काटेकोर हवं.

लंडनच्या मिचम भागात वायएमसीएने 2015 मध्ये रॉजर्स स्टर्क हार्बर या फर्मच्या आराखड्यानुसार कारखान्यात तयार केलेली 36 छोटी घरं उभी केली. प्रत्येक घर 26 चौरस मीटरचं, प्रत्येकाचं दार वेगळं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये सहा दारं शक्य नव्हती. तेव्हा पडदा, कपाट आणि दिवा यांतून प्रत्येकाच्या वाट्याला स्वतःच्या हक्काची जागा आली.

ड्रॉइंगचा पूर्ण संच आता संस्थेकडे आहे आणि थोड्या फेरफाराने तो दुसऱ्या फ्लॅटलाही लागू पडेल. कायद्यात तरतूद आहे, कौशल्य देणारी माणसं आहेत. अडतं ते भाड्याच्या जागेपाशी. 'बॅचलर मुलं नकोत' असं सांगणाऱ्या सोसायट्यांच्या कमिट्यांनी निर्णय घेण्याआधी असा एखादा फ्लॅट आत येऊन पाहावा आणि तिथल्या मुलांशी दोन शब्द बोलावेत.