घरच्या घरी नात रेकॉर्ड करताना

रबीउल अव्वल जवळ आला की आपल्या अनेक घरांत एक चर्चा सुरू होते. मुलाचा किंवा मुलीचा आवाज चांगला आहे, मिलादच्या जलशात सगळे तारीफ करतात, मग एखादी नात घरीच रेकॉर्ड का करू नये? पुढच्या पाच मिनिटांत चर्चा माईकच्या किमतीवर येते. कुणी हप्त्यावर घ्या म्हणतो, कुणी शिकवणीच्या फीमधून पैसे काढायला सांगतो. हौस चांगलीच आहे. पण मध्यमवर्गीय घरातला पैसा मोजका असतो, म्हणून कोणती वस्तू नेमके काय काम करते हे आधी समजून घ्यावे, असे आम्हाला वाटते.

एकट्याने, वाद्यांशिवाय म्हटलेल्या नातीत आवाजामागे लपायला काहीच नसते. पंख्याची घरघर, कुकरची शिट्टी, खोलीतला घुमारा, सगळे स्पष्ट ऐकू येते. म्हणून पहिला खर्च खोलीवर करावा, आणि तो बहुतेक वेळा फुकटात होतो. खोलीच्या मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवा. टाळीनंतर झणझणीत आवाज रेंगाळला, तर ती खोली रेकॉर्डिंगला योग्य नाही. टाइल्सची जमीन आणि उघड्या भिंती आवाज परत फेकतात. गाणाऱ्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना जाड गोधड्या टांगा, खाली सतरंजी अंथरा, कपड्यांचे कपाट उघडे ठेवा. एवढ्यानेही मोठा फरक पडतो. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याचा मात्र काही उपयोग नाही. आणि हेही ध्यानात असू द्या, की गोधडीने खोलीतला घुमारा कमी होतो, रस्त्यावरचा हॉर्न थांबत नाही. त्यासाठी शांत वेळच निवडावी लागते. फज्रनंतरचा तास बहुतेक मोहल्ल्यांत सगळ्यात शांत असतो, आणि अजानच्या वेळा आपल्याला ठाऊकच असतात.

आता माईक. यात मुख्य प्रकार दोन. कंडेन्सर माईक नाजूक आवाजही टिपतो, श्वासाची हालचालसुद्धा. त्याला वीज लागते, बहुतेकांना ४८ व्होल्ट, आणि ती जोडलेल्या यंत्रातून मिळते. पण तो शेजारच्या घरातली भांडीही तितक्याच इमानदारीने टिपतो. डायनॅमिक माईक कमी संवेदनशील असतो. तोंडाजवळचा आवाज घेतो, दूरचा बराचसा सोडून देतो. भिवंडी किंवा मालेगावात यंत्रमागाच्या खडखडाटाशेजारी राहणाऱ्याने, मुंब्र्याच्या गजबजलेल्या इमारतीत राहणाऱ्याने डायनॅमिकच घ्यावा, असा आमचा सल्ला आहे. कोकणातल्या शांत वाडीत मोकळे घर असेल, तर कंडेन्सर शोभतो. पावसाळ्यात पत्र्यावर सर पडत असताना मात्र तोही हात टेकतो.

गाण्यासाठी वापरले जाणारे बरेचसे माईक समोरून जास्त आणि मागून सर्वात कमी ऐकतात. म्हणून माईकची पाठ खिडकीकडे किंवा गोंगाटाकडे करावी. १९६६ सालापासून बनत असलेला शूर कंपनीचा एसएम ५८ हा डायनॅमिक माईक जगभरच्या मंचांवर दिसतो, आणि त्याच कारणाने त्याची नक्कलही खूप विकली जाते. फारच स्वस्तात मिळाला तर शंका घ्या. बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या.

माईकचा आवाज संगणकात नेण्यासाठी ऑडिओ इंटरफेस नावाची छोटी पेटी लागते. एकट्या गायकाला एका माईकची जागा असलेली पेटी पुरते, आठ माईकची पेटी घेऊन ती कपाटावरच पडून राहते. यूएसबी माईकमध्ये हे काम माईकच्या आतच होते, एक वायर जोडली की झाले. नुकती सुरुवात करणाऱ्याला तो सोयीचा. पुढे चांगला माईक घ्यायचा झाला, तर इंटरफेस असलेल्याला फक्त माईक बदलावा लागतो.

हेडफोन कान पूर्ण झाकणारे, मागून बंद असलेले घ्या. उघड्या हेडफोनमधला आवाज बाहेर पडून माईकमध्ये शिरतो. तोंडासमोर जाळीचा पॉप फिल्टर लावा, म्हणजे 'प' आणि 'ब' म्हणताना हवेचा धक्का माईकला बसणार नाही. माईक वीतभर अंतरावर ठेवा. डायनॅमिक असेल तर त्याहून थोडा जवळ. रेकॉर्डिंगसाठी ऑडॅसिटी हा प्रोग्राम मोफत मिळतो. २४ बिटवर रेकॉर्ड करा आणि सर्वात उंच सूर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहू द्या. शून्यावर आदळून फाटलेला आवाज नंतर नीट सांधता येत नाही.

नात आणि तिलावतीच्या बाबतीत एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. आपल्याकडे हर्फाला किंमत आहे. सीन आणि साद, छोटी हे आणि बडी हे यांतला फरक फार बारीक असतो. गोंगाट घालवणारे फिल्टर जास्त लावले, की हाच बारीक भाग आधी जातो. इकोचेही तसेच. भरपूर इको टाकला की आवाज भव्य वाटतो, पण तलफ्फुज झाकला जातो. म्हणून आधी कोरे रेकॉर्ड करा, इको नंतर बेताने घाला. घातलेला इको काढता येत नाही. मागे जिक्र तालासारखा वाजवण्याला काही उलेमांनी हरकत घेतली आहे, तेव्हा तसे करण्याआधी आपल्या आलिमांना विचारून घ्यावे.

मूळ फाइल डब्ल्यूएव्ही स्वरूपात दोन ठिकाणी जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे दर्जा टिकतो. कलाम दुसऱ्या शायराचा असेल आणि तो जगाला ऐकवायचा असेल, तर परवानगीचा विचार करा. आपल्या कायद्यात शायराच्या निधनानंतर ६० वर्षे त्याच्या लेखनाचा हक्क वारसांकडे असतो. मुलीने म्हटलेली नात घरच्यांपुरती ठेवायची की सर्वांसाठी, हे तिला विचारून, रेकॉर्डिंगच्या आधीच ठरवावे. एकदा बाहेर गेलेली फाइल परत घेता येत नाही.

खरेदीचा क्रम आमच्या मते असा असावा: आधी खोली, मग फोनवरच महिनाभर सराव, मग हेडफोन आणि साधा माईक, आणि बाकीचे गरज पडली तरच. महिनाभर रोज बसणारा मुलगा माईकचे चीज करतो. आठवड्यात कंटाळणाऱ्याच्या घरचे पैसे तरी वाचतात. उरलेल्या पैशांतून चांगल्या कारीसाहेबांकडे मखरज शिकायला पाठवले, तर ती कमाई कोणत्याही यंत्रापेक्षा जास्त टिकेल, इन्शाअल्लाह.