पुराच्या सालाचा पुरावा

कशेळ्याच्या पुढे, भीमाशंकरच्या डोंगराखालची एक ठाकरवाडी. समाजमंदिराचा पत्रा तापला आहे आणि ग्रामसभा नाचणीच्या एका तुकड्यावर अडून बसली आहे. खालापूरकडच्या वाडीतले दोघे कामकाज बघायला आलेत; ते माझ्या शेजारी, भिंतीला टेकून.

वनहक्क समितीचा सचिव, बारावी झालेला पोरगा, नमुना 'अ' मांडीवर घेऊन विचारतो, "आजी, 13 डिसेंबर 2005 च्या आधी हे कोण कसत होतं?"

आजी त्याच्याकडे नुसती बघत राहते.

"पूर आला त्या साली गं," मागून एक बाई सांगते. म्हणजे 2005 च्या 26 जुलैचा पूर. मग तोंडं उघडतात.

"लावणी चालली होती."

"लावणी कसली, आवण वाहून गेलं."

"गेलं ते खालच्या अंगाचं. वरचं धाकट्यानं लावलं."

"धाकटा तेव्हा वीटभट्टीवर होता."

"भट्टी पावसात पेटते का रे?" आजी फटकारते. हशा पिकतो. बोलणारा मान खाजवतो आणि गप्प होतो.

एकट्या कुणालाच हे सगळं आठवत नाही. एकाचं चुकतं, दुसरी ते दुरुस्त करते, पोरगा लिहितो. 2006 च्या वनहक्क कायद्याखालच्या नियम 13 नुसार दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हाही पुरावा धरला जातो. ज्याने कुणी हे कलम घातलं, त्याने अशी एखादी सभा नक्की पाहिली असावी.

पण नमुना आपलंही घोडं पुढे दामटतो. ही दळीची जमीन, भावकीने मिळून कसलेली. रायगडात इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली रीत. कागदाला मात्र दावेदाराचं नाव हवं, क्षेत्र हवं. आतापर्यंत ज्यांनी राब एकत्र भाजला ते दोघे चुलतभाऊ बोटांवर गुंठे मोजू लागलेत, आणि मोजताना एकमेकांकडे बघत नाहीत. मला हे खटकतं. पण नाव नसलं तर उद्या वनखात्याचा माणूस दोघांनाही हुसकावेल, हेही खरंच.

आजीचा अंगठा उमटतो. जबाब दाव्याला जोडला जातो. पुढे तो कर्जतला, उपविभागीय समितीकडे जायचा.

"आता हद्द सांगा," सचिव म्हणतो. "खाली ओहोळ, बरोबर?"

"ओहोळ पुरात सरकला," कुणीतरी म्हणतं.

खालापूरचा पाहुणा न राहवून विचारतो, "मग जुना धरायचा का नवा?"

सगळे एकदम बोलू लागतात. पोरगा पेन खाली ठेवतो.