परवानगी न घेता हसवणारे सिनेमे

'डोलमाइट' हा १९७५ सालचा अमेरिकन सिनेमा कित्येक वर्षं एका चुकीसाठी ओळखला गेला. पात्रं बोलत असतात आणि चौकटीच्या वरच्या कडेतून आवाज टिपणारा बूम माइक खाली डोकावतो. एकदा नाही, वारंवार. व्हीएचएस कॅसेटवर हा सिनेमा पाहिलेले लोक त्या माइकची वाट बघायचे आणि तो दिसला की हसायचे. २०१६ साली व्हिनेगर सिंड्रोम या अमेरिकन कंपनीने फिल्मवरून सिनेमाची स्वच्छ प्रत तयार केली आणि माइक जवळजवळ दिसेनासा झाला. कुणी तो पुसून काढला नव्हता. फिल्मवर चित्र उंच टिपलं जायचं, पण थिएटरात प्रोजेक्टरमधली पट्टी त्याचा वरचा आणि खालचा भाग झाकायची आणि पडद्यावर रुंद चित्र उमटायचं. कॅमेरामन त्या रुंद चौकटीचा हिशेब धरून काम करायचा. माइक तिच्या बाहेर राहिला की काम झालं. कॅसेट काढणाऱ्यांनी मात्र फिल्मवरचं सगळंच्या सगळं चित्र उतरवून घेतलं आणि जे झाकायचं ते उघडं पडलं. ज्याचं काम अडाणी समजून लोक हसले तो कॅमेरामन होता निकोलस जोसेफ फॉन स्टर्नबर्ग, 'द ब्लू एंजल'चे दिग्दर्शक जोसेफ फॉन स्टर्नबर्ग यांचा मुलगा. त्याच्या हाताखालची पोरं यूसीएलए विद्यापीठात सिनेमा शिकणारी होती. चौकट कशी धरायची हे त्या मंडळींना चांगलं ठाऊक होतं.

हा तपशील इतका लांबवण्याचं कारण आहे. सत्तरच्या दशकात अमेरिकेत कृष्णवर्णीय नायक-नायिकांना घेऊन, कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी, कमी पैशांत मारधाडीच्या आणि विनोदी सिनेमांची लाट आली. 'ब्लॅक्सप्लॉयटेशन' हे नाव तिला विरोधकांनी दिलं. शोषणाचा आरोप त्या नावातच होता. पन्नास वर्षं उलटली तरी या सिनेमांचे, आणि त्यांच्याच वाटेने पुढे आलेल्या स्वतंत्र कृष्णवर्णीय विनोदी सिनेमांचे चाहते आटलेले नाहीत. या प्रेमाचं जे स्पष्टीकरण सहज दिलं जातं ते असं, की सिनेमे फसलेले आहेत आणि त्या फसण्याचीच करमणूक होते. बाकी मोठ्या कॉलरी, फुगवलेले केस आणि झकास संगीत. मला हे स्पष्टीकरण चुकीचं वाटतं. ज्यांच्यावर मनापासून प्रेम टिकलं ते सिनेमे पाहिले तर त्यांत एक गोष्ट सारखी सापडते: कुणाची परवानगी न घेता, आपल्या माणसांना आपल्याच बोलीत हसवण्याचा हट्ट. चाहत्यांनी तो ओळखला, आणि बऱ्याचदा समीक्षकांच्या आधी ओळखला.

'डोलमाइट'चा कर्ता रूडी रे मूर याचंच उदाहरण घेऊ. आर्कन्सॉ राज्यातल्या फोर्ट स्मिथ गावी १९२७ साली जन्मलेला हा माणूस गायक म्हणून फारसा चालला नाही, नकलाकार म्हणून क्लबांतून फिरला आणि लॉस एंजेलिसमध्ये डॉल्फिन्स ऑफ हॉलिवूड या रेकॉर्डच्या दुकानात नोकरीला लागला. तिथे येणाऱ्या एका फाटक्या माणसाकडून त्याने डोलमाइट नावाच्या मवाल्याच्या बढाया ऐकल्या. त्या यमकात बांधलेल्या, शिवराळ, आणि तालात म्हणायच्या. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांत, तुरुंगांत, नाक्यांवर असं काव्य पिढ्यान् पिढ्या तोंडी चालत आलेलं होतं. त्याला 'टोस्ट' म्हणतात. रॉजर अब्राहम्स आणि ब्रूस जॅक्सन या अभ्यासकांनी साठ-सत्तरच्या दशकांत ते गोळा करून छापलं. मूरने ते छापलं नाही, म्हटलं. घरी मित्रमंडळी जमवून, त्यांच्या हसण्यासकट रेकॉर्ड भरल्या. त्यांची वेष्टणं इतकी उघडीवाघडी होती, की दुकानदार त्या काउंटरखालून विकायचे. त्या कमाईतून त्याने सुमारे १ लाख डॉलरचा सिनेमा उभा केला, डनबार हॉटेलच्या जुन्या इमारतीत चित्रीकरण केलं आणि नायक स्वतःच झाला. तेव्हा त्याचं वय पन्नाशीच्या जवळ आलं होतं आणि पोट सुटलेलं होतं.

सिनेमाची कथा अगदी बेताची आहे: खोट्या आरोपात अडकवलेला डोलमाइट तुरुंगातून सुटतो आणि आपला क्लब परत मिळवतो. पण मध्येच ही कथा थांबते आणि नायक भोवती जमलेल्या लोकांना टायटॅनिकवरच्या शाइनची गोष्ट ऐकवतो. शाइन हा बॉयलरच्या खोलीत कोळसा टाकणारा कृष्णवर्णीय कामगार. खाली पाणी शिरतंय असं तो कॅप्टनला सांगतो. कॅप्टन म्हणतो, आमचे पंप आहेत, तू खाली जा. शाइन खाली जात नाही, समुद्रात उडी टाकतो. मग बुडायला लागलेले बडे लोक त्याला पैसा, मुली, हवं ते देऊ करतात आणि तो प्रत्येकाला चोख उत्तर देऊन पोहत पुढे जातो. जहाज बुडाल्याची बातमी किनाऱ्याला लागते तोवर हा दारूच्या गुत्त्यात बसलेला असतो. पटकथेच्या शिस्तीने पाहिलं तर या प्रसंगाला सिनेमात जागा नाही. पण सिनेमा याच प्रसंगासाठी आहे. त्या काळी हॉलिवूडच्या कुठल्याही पटकथेत ही गोष्ट, या शब्दांत, इतका वेळ देऊन सांगितली गेली नसती. मूरचे हात मारामारीत चुकतात, लाथ प्रतिस्पर्ध्याला लागत नाही हे स्पष्ट दिसतं. पण तो बोलायला लागला, की शब्दाचं वजन आणि थांबण्याची जागा कुठेच चुकत नाही. पुढच्या पिढीतल्या रॅपर्सनी नेमकं हेच उचललं. बिग डॅडी केनने १९९० साली आपल्या अल्बममध्ये मूरशी यमकांचा सामनाच लावला. ज्यांना तालात बोलण्याची किंमत कळत होती त्यांनी मूरला हसण्यावारी नेलं नाही, गुरुस्थानी बसवलं.

हा हट्ट आर्थिकही होता. १९७१ साली मेल्विन व्हॅन पीबल्सने 'स्वीट स्वीटबॅक्स बॅडॅस साँग' काढला, तेव्हा तो कोलंबिया कंपनीसाठी 'वॉटरमेलन मॅन' करून बाहेर पडला होता आणि पुन्हा स्टुडिओच्या दारात जायचं नाही हे त्याने ठरवलं होतं. स्वतःचे पैसे आणि बिल कॉस्बीकडून उसने घेतलेले ५० हजार डॉलर यांवर १९ दिवसांत चित्रीकरण उरकलं. कामगार संघटनांचा ससेमिरा चुकवायला आपण अश्लील फिल्म काढतोय असं भासवलं. लेखन, दिग्दर्शन, संकलन, संगीत, मुख्य भूमिका सगळं स्वतःकडे. सुरुवातीला सिनेमा लावायला तयार झाली ती फक्त दोन थिएटरं, एक डेट्रॉइटमधलं आणि एक अटलांटामधलं. जाहिरातीला पैसे नव्हते म्हणून गाण्यांची रेकॉर्ड आधी बाजारात आणली. सेन्सॉरचा 'एक्स' शिक्का बसला, तर तो गोऱ्या परीक्षकांनी मारला असं पोस्टरवरच छापलं. सिनेमाने खर्चाच्या कित्येक पट गल्ला जमवला आणि हॉलिवूडला एक प्रेक्षकवर्ग दिसला, जो तिकीट काढून आपला माणूस जिंकताना बघायला तयार होता. पण हे दिसताच स्टुडिओंनी ती जागा बळकावली. आर्थिक अडचणीतल्या एमजीएम स्टुडिओला त्याच वर्षीच्या 'शाफ्ट' या सिनेमाने हात दिला, मग मवाली आणि दलालांच्या कथांचा रतीब सुरू झाला आणि दशक संपायच्या आत, पैसा दुसरीकडे दिसल्यावर, तो बंदही पडला.

पहिला मोठा आक्षेप याच काळातला आहे आणि तो बाहेरच्यांचा नव्हता. एनएएसीपी या जुन्या नागरी हक्क संघटनेच्या बेव्हर्ली हिल्स-हॉलिवूड शाखेचे ज्युनियस ग्रिफिन यांनी १९७२ साली या सिनेमांविरुद्ध मोहीम उघडली. म्हणणं असं, की चळवळीने मिळवलेल्या प्रतिष्ठेवर हे सिनेमे पाणी फिरवतात. पोरांपुढे आदर्श म्हणून दलाल आणि गर्द विकणारे उभे करतात, आणि नफा गोऱ्या मालकांच्या खिशात जातो. 'एबनी' मासिकात लेरोन बेनेट यांनी 'स्वीटबॅक'वर कडाडून टीका केली. उलट ब्लॅक पँथर पक्षाच्या ह्यूई न्यूटनने त्याला क्रांतिकारी ठरवून पक्षाच्या वृत्तपत्राचा अंकच त्याला वाहिला. मराठी वाचकाला हा वाद परका वाटू नये. त्याच १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली, नाव अमेरिकेतल्या पँथरांवरून घेऊन. आणि त्याच वर्षी आलेल्या नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ने, वस्तीची भाषा साहित्यात चालते का, हा प्रश्न आपल्याकडे पेटवला. समाजाची अब्रू सभ्य भाषेने राखायची की आपल्या जगण्याची भाषा जशीच्या तशी चारचौघांत आणून, हा पेच दोन्हीकडे खरा होता.

ग्रिफिन यांच्या आक्षेपातला पैशाचा भाग मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच चाहत्याने स्टुडिओने रतीब घातलेला माल आणि स्वतंत्रपणे काढलेला सिनेमा यांत फरक करायला हवा, आणि जाणकार चाहता तो करतोच. आदर्शांबद्दलचा भाग मात्र तितका सरळ नाही. 'सुपर फ्लाय' (१९७२) मधला नायक कोकेन विकतो, पण कर्टिस मेफील्डची गाणी त्याच्या धंद्याचा हिशेब मांडत राहतात. पडदा मोह घालतो आणि संगीत वाद घालतं. शिवाय आदर्श सभ्य असले की स्वातंत्र्य मिळतं, हेही खरं नाही. बिल गन यांचा 'गांजा अँड हेस' (१९७३) हा रक्तपिपासेवरचा गंभीर, अवघड सिनेमा. पैसे देणाऱ्यांना हवा होता 'ब्लॅक्युला'सारखा चालणारा भयपट, म्हणून त्यांनी तो कापून, नाव बदलून विकला. इव्हान डिक्सन यांचा 'द स्पूक हू सॅट बाय द डोअर' (१९७३) त्याहून बोलका आहे. सीआयएने शोभेसाठी एक कृष्णवर्णीय अधिकारी नेमलेला असतो आणि त्याला झेरॉक्सच्या खोलीत बसवलेलं असतं. हा भाग निखळ उपहासाचा आहे. पुढे तो नोकरी सोडतो आणि तिथे शिकलेली युद्धविद्या शिकागोतल्या पोरांना शिकवतो. हा सिनेमा थिएटरांतून लवकरच काढून घेतला गेला. त्याची निगेटिव्ह दुसऱ्याच नावाने जपून ठेवावी लागली आणि पुढची तीन दशकं तो हलक्या प्रतीच्या कॅसेटवर, हातोहात फिरत जगला. २०१२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याला स्थान मिळालं. मधल्या काळात तो जिवंत राहिला तो चाहत्यांमुळे.

दुसरा आक्षेप आजच्या चाहत्यांवर आहे: तुम्ही यांच्याबरोबर हसता, की यांना हसता? प्रश्न रास्त आहे; कॅसेटवरच्या माइकला हसणाऱ्यांत दोन्ही प्रकारचे लोक होते. पण याचं सर्वांत चांगलं उत्तर कृष्णवर्णीय विनोदकारांनी स्वतःच दिलं, कारण पहिले आणि सर्वांत कडक चाहते तेच होते. रॉबर्ट टाउनसेंडने 'हॉलिवूड शफल' (१९८७) सुमारे १ लाख डॉलरमध्ये केला. साठवलेले पैसे संपल्यावर क्रेडिट कार्डं वापरली, दुसऱ्यांच्या चित्रीकरणातून उरलेली कोरी फिल्म वापरली. त्यातल्या एका प्रसंगात कृष्णवर्णीय नटांसाठी अभिनयशाळा आहे आणि शिकवणारे गोरे आहेत: खांदे कसे पाडायचे, नाक्यावरच्या पोरासारखं कसं चालायचं. शुद्ध, घोटीव इंग्रजी बोलणारा नट त्या चालीचा सराव करतो, हे पाहताना ग्रिफिन यांचाच आक्षेप हसवत हसवत पुन्हा मांडला जातो, पण या वेळी नटाच्या बाजूने. टाउनसेंडचा सहलेखक कीनन आयव्हरी वेयन्स याने वर्षभराने 'आय अ‍ॅम गॉना गिट यू सका' काढला. तो सत्तरच्या सिनेमांची थट्टा करतो, पण त्यासाठी जिम ब्राउन, आयझॅक हेस, अँटोनियो फार्गास या त्याच काळातल्या नटांना मानाने बोलावतो. फार्गासच्या उंच टाचांच्या बुटांत जिवंत मासे पोहतात. 'ब्लॅक डायनामाइट'मध्ये (२००९) तर बूम माइक जाणूनबुजून नायकाच्या केसांना टेकतो, आणि संवाद चालू असताना त्याची नजर वर जाते. ज्याने मूळ सिनेमे मनापासून पाहिलेत त्यालाच इतकी बारीक थट्टा साधते.

तिसरा आक्षेप बायकांबद्दलचा आहे आणि त्याला माझ्याकडे पुरं उत्तर नाही, कारण तो बराचसा खरा आहे. या सिनेमांत बाईला मारणं विनोद म्हणून येतं, दलाली ऐटीची गोष्ट म्हणून येते. आणि 'स्वीटबॅक'च्या सुरुवातीला लहान मुलाला घेऊन चित्रित केलेला प्रसंग कुठल्याही युक्तिवादाने समर्थनीय ठरत नाही. 'कॉफी'मधली (१९७३) पॅम ग्रिअर बंदूक उचलते आणि स्वतःचा न्याय स्वतः करते हे खरं, पण कॅमेरा तिचे कपडे उतरवायलाही चुकत नाही. 'डोलमाइट'मध्ये नायक तुरुंगात असताना सगळा व्याप सांभाळते ती लेडी रीडची क्वीन बी, आणि लेडी रीड ही स्वतः चावट विनोदाच्या रेकॉर्ड भरणारी कलावंत होती. तरी पोस्टरवरचं नाव मूरचं.

शेरिल डन्ये यांचा 'द वॉटरमेलन वुमन' (१९९६) हा सिनेमा मला म्हणूनच या परंपरेत मोलाचा वाटतो. फिलाडेल्फियातल्या व्हिडिओच्या दुकानात काम करणारी एक कृष्णवर्णीय तरुणी तीसच्या दशकातल्या सिनेमांत मोलकरणींची कामं करणाऱ्या एका नटीवर भाळते आणि तिचा माग काढत सुटते. त्या तरुणीची भूमिका डन्ये यांनी स्वतः केली आहे. नावातच व्हॅन पीबल्सच्या 'वॉटरमेलन मॅन'चा उल्लेख आहे, पैसा बेताचा आहे, विनोद सहज आणि मोकळा आहे. ती नटी मुळात अस्तित्वातच नव्हती, हे सिनेमाच शेवटी सांगतो. अशा बायकांच्या नोंदी शोधूनही मिळेनात, तेव्हा डन्ये यांनी एक आयुष्य रचलं, त्याची जुनी छायाचित्रंसुद्धा नव्याने काढवून घेतली. नायिका अपमानास्पद भूमिकांवर प्रेम करते आणि त्या भूमिका तिला खुपतातही. यातलं एकही ती दुसऱ्यासाठी सोडत नाही. सरकारी अनुदान घेतलं म्हणून अमेरिकन संसदेत या सिनेमावर टीका झाली. २०२१ साली तो त्याच राष्ट्रीय नोंदवहीत दाखल झाला, 'स्वीटबॅक'नंतर अवघ्या एका वर्षाने.